हे पैसे कशाचे?

मुलुंडच्या ज्या शाखेत माझे बचत खाते गेली बावीस वर्षे आहे, तिथे परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या साहेबांनी माझे बिल आणि कराराची प्रत दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “मॅडम, हे पैसे कशाचे?”

“अनुवादाचे,” मी म्हटले.

“ते कळलं. पण इथे मानवी हक्क लिहिलंय.” कराराच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचे जे लांबलचक नाव होते, त्यावर त्यांनी पेनाची टोपी टेकवली होती. परदेशातून येणाऱ्या रकमेला रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या यादीतला एक परपज कोड द्यावा लागतो आणि त्या यादीत धर्मादाय संस्थांना आलेल्या देणगीचाही कोड आहे. साहेबांचे बोट त्या ओळीपाशी घोटाळत होते. तो कोड एकदा लागला असता, तर मी अनुवादक न राहता परदेशी देणगी घेणारी व्यक्ती ठरले असते, आणि त्यासाठी लागणारी परवानगी माझ्याकडे नव्हती. हे मला त्या क्षणी नेमके ठाऊक होते, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या टेबलापर्यंत पोहोचायला मला दहा महिने लागले होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक याच एका प्रश्नाचे उत्तर तयार करण्यात गेले होते.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आणि अनुवादक आहे. औषधांच्या माहितीपत्रकांपासून मिक्सरच्या वापरपुस्तिकेपर्यंत बरेच काही मी मराठीत आणले आहे आणि त्यातल्या कशाबद्दलही मला कधी कोणी स्पष्टीकरण मागितले नव्हते. परळला घरकामगार बायकांची एक छोटी संस्था आहे. तिथल्या ताई माझ्या जुन्या ओळखीच्या. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी फोन करून सांगितले, की मोबाइल सुरक्षितपणे कसा वापरावा याविषयीची एक पुस्तिका आणि तिच्या जोडीचे एक ॲप मराठीत आणण्याविषयी एका परदेशी संस्थेने विचारणा केली आहे, तू करशील का? पुस्तिका नव्वद पानांची होती आणि ॲपमध्ये सुमारे अकराशे वाक्ये व वाक्यखंड होते, ज्यांना या धंद्यात स्ट्रिंग म्हणतात. पैसे ती परदेशी संस्था देणार होती आणि तिला ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या निधीतून मिळणार होते. ॲपचे नाव मी इथे देत नाही, कारण करारात तशी अट आहे. टोर या, वापरणाऱ्याची ओळख लपवून संदेश अनेक संगणकांतून फिरवणाऱ्या जाळ्यावरून संदेश पाठवणारे ते एक मुक्त स्रोत, म्हणजे ज्याची संहिता (कोड) कोणालाही वाचता येते असे, साधन आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसऱ्या देशातल्या लोकांना मोकळेपणाने इंटरनेट वापरता यावे म्हणून एखादे सरकार पैसे का खर्च करते, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. वाचत गेल्यावर लक्षात आले, की या धोरणाला एक निश्चित तारीख आहे. २१ जानेवारी २०१० रोजी वॉशिंग्टनमध्ये हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून भाषण केले आणि इंटरनेटचे स्वातंत्र्य हा परराष्ट्र धोरणाचा भाग असल्याचे सांगितले. चीनमधल्या शोधसेवेवर आपण यापुढे सेन्सॉरशिप चालवून घेणार नाही, असे गूगलने जाहीर करून तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये हेगमध्ये काही सरकारांनी एकत्र येऊन या कामासाठी आघाडी उभी केली. भारत तिचा सदस्य नाही. जुलै २०१२ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ठराव केला, की माणसाला प्रत्यक्ष जीवनात जे हक्क आहेत तेच ऑनलाइनही राखले गेले पाहिजेत. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या पैशावर चाललेल्या रेडिओ फ्री एशियाच्या छत्राखाली अशा साधनांना पैसा पुरवणारा ओपन टेक्नॉलॉजी फंड सुरू झाला. टोरची मूळ कल्पना तर त्याहूनही जुनी, १९९०च्या दशकातली, आणि तीही अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली आहे.

भाषणे आणि ठराव वाचताना हे सगळे भव्य वाटते. प्रत्यक्षात हा पैसा धरणातून सुटलेल्या पाण्यासारखा येतो: परराष्ट्र खात्याचा विभाग, तिथून मोठी संस्था, तिथून लहान संस्था, आणि शेवटी चाळीच्या चौथ्या मजल्यावरचा नळ, म्हणजे मी. प्रत्येक टप्प्यावर एक मीटर बसवलेला असतो आणि प्रत्येक मीटरवाला वेगळ्या भाषेत पावती मागतो.

पहिली अडचण आमच्या बाजूची होती. काम परळच्या संस्थेच्या नावावर घ्यायचे, असे सुरुवातीला ठरले होते. पण संस्थेने परदेशातून अनुदान घ्यायचे म्हणजे परकीय योगदान विनियमन कायदा आला, जो सगळेजण एफसीआरए या नावानेच ओळखतात. आणीबाणीच्या काळातला १९७६चा मूळ कायदा जाऊन २०१०चा आला आणि २०२०च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी लागते आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. परळच्या संस्थेचा कारभार म्हणजे महिन्याचे खोलीभाडे, एका अर्धवेळ मुलीचे मानधन आणि वर्षातून एकदा हळदीकुंकवाच्या निमित्ताने होणारा मेळावा. तीन वर्षांचे पंधरा लाख ही त्यांच्या दृष्टीने ऐकायची गोष्ट होती.

मग असे सुचले, की ज्या मोठ्या संस्थेकडे नोंदणी आहे तिने पैसे घ्यावेत आणि परळला द्यावेत. पूर्वी हे करता येत असे. २०२०पासून परदेशी निधी घेतलेल्या संस्थेने तो दुसऱ्या कोणाकडे वळवण्यास पूर्ण मनाई आहे, त्यामुळे तीही वाट बंद झाली. विशिष्ट कामासाठी, विशिष्ट देणगीदाराकडून पूर्वपरवानगीने पैसे घेण्याची सोय कायद्यात आहे. पण त्यासाठीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खाते उघडणे, पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक देणे आणि मग गृहमंत्रालयाच्या उत्तराची वाट पाहणे आले. ताईंनी कागद वाचले आणि म्हणाल्या, “आमच्या अध्यक्षा तीन घरी भांडी घासतात. त्या या सगळ्यावर सह्या कधी करणार?” संस्थेने शहाणपणाने अंग काढून घेतले. चाचणी वाचनासाठी बायका जमवून द्यायचे मात्र त्यांनी कबूल केले, तेही एक रुपया न घेता.

उरला एकच मार्ग: मी व्यक्ती म्हणून सेवा द्यायची आणि त्या सेवेचे बिल लावायचे. व्यवसायाच्या ओघात पुरवलेल्या सेवेचा मोबदला ही देणगी धरली जात नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. दादरला माझे सीए बसतात; त्यांनी हे सांगितले, आणि मी उठण्याच्या बेतात असताना विचारले, “तुमचं ते भाषेवरचं सदर अजून चालू आहे ना?” चालू होते. एका वृत्तपत्रात मी दर पंधरा दिवसांनी शुद्धलेखनाविषयी साडेतीनशे शब्द लिहीत असे. सीएंनी कायद्याचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. परकीय योगदान घेण्यास ज्यांना बंदी आहे त्यांच्या यादीत निवडणुकीचे उमेदवार, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि राजकीय पक्ष यांच्याबरोबर नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, संपादक, व्यंगचित्रकार आणि स्तंभलेखकही आहेत. ऱ्हस्व-दीर्घावर लिहिणारी मी आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एकाच कलमात बसलो आहोत, याची मला थोडी मौज वाटली. सीएंना वाटली नाही. मोबदल्याची सूट या यादीतल्या लोकांनाही आहे, असे त्यांचे मत होते, तरीही माझे बिल देणगीसारखे दिसता कामा नये यासाठी त्यांनी सारा मसुदा बदलायला लावला. ‘सहकार्य’, ‘पाठबळ’ आणि ‘भागीदारी’ हे शब्द काढून टाकले गेले. प्रति शब्द दर, शब्दसंख्या, काम देण्याची तारीख, एवढेच राहिले. प्रकल्पाचे नाव मात्र पलीकडच्या संस्थेला बदलता येईना, कारण तेच नाव त्यांच्या मूळ करारात होते. त्या नावानेच बँकेत घात केला.

दुसऱ्या बाजूचे कागद वेगळ्या जातीचे होते. मी अमेरिकी नागरिक किंवा तिथली रहिवासी नाही, हे अमेरिकी करासाठी कळवणारा डब्ल्यू-८ बेन नावाचा अर्ज. माझे नाव निर्बंध यादीत नाही, हे तपासण्यासाठी पासपोर्टची प्रत. आणि मग धोक्यांची प्रश्नावली, जी मला सगळ्यात जड गेली. ‘हे काम केल्यामुळे तुम्हाला, तुमच्या कुटुंबाला किंवा वापरकर्त्यांना कोणता धोका संभवतो?’ मी तीन दिवस ती चौकट रिकामी ठेवली. मुंबईत राहणाऱ्या माणसाला धोका म्हटल्यावर आधी सकाळची ८ वाजून १२ मिनिटांची लोकल आठवते. शेवटी मी खरे तेच लिहिले, की मला अनुवाद केल्याबद्दल कोणी काही करील असे वाटत नाही, पण ज्या बायका हे वापरतील त्यांना फोन हिसकावून घेणारी माणसे बहुधा त्यांच्याच घरात असतील. या उत्तरावर पलीकडून दोनदा खुलासा मागवला गेला. त्यांच्या तक्त्यात धोक्याचे स्रोत सरकार, सरकारपुरस्कृत गट आणि गुन्हेगार असे तीनच होते. नवरा आणि मालकीणबाई यांच्यासाठी रकाना नव्हता.

या प्रश्नावलीतच या प्रयत्नांची मर्यादा मला दिसली, आणि ती माझ्या मते अजूनही कोणी नीट मान्य केलेली नाही. ही साधने मुळात इराण, चीन यांसारख्या ठिकाणी सेन्सॉरशिप ओलांडण्यासाठी घडली आहेत आणि तिथे त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये निदर्शने उसळली, तेव्हा टोरच्या स्नोफ्लेक या साधनाचा वापर तिथे एकदम वाढला. इतर देशांतले स्वयंसेवक आपल्या ब्राउझरची थोडी जागा उसनी देतात आणि इराणी माणसाची वाहतूक तिथून जाते, असे ते साधन आहे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या वित्त खात्याने इराणवरच्या निर्बंधांत दूरसंचार सेवांसाठीची सवलत वाढवली, कारण तोवर त्याच सरकारचे निर्बंध इराणी लोकांना बाहेरच्या कंपन्यांच्या सेवा मिळण्याच्या आड येत होते. एका हाताने साधनाला पैसा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वाटेत कुंपण घालायचे, असा तो प्रकार होता.

आपल्याकडचे दुखणे निराळे आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा एखादे संकेतस्थळ अडवण्याऐवजी त्या भागातले इंटरनेटच बंद केले जाते. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झाले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षीच्या मराठा आरक्षण आंदोलनात जालना-बीडकडे ते बंद झालेले आपण पाहिले आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली सेवा ४जी वेगाने परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले होते. नळच बंद असेल तर पाणी गाळून घेण्याचे फडके कितीही चांगले असून काय उपयोग? मी अनुवादित करत होते ते साधन अशा वेळी काही कामाचे नाही, हे मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिण्याचा आग्रह धरला. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ते वाक्य राहिले.

बँकेचा गुंता शेवटी कसा सुटला, ते आधी सांगते. सीएंनी लेटरहेडवर एक पत्र दिले, मी माझी मागच्या तीन वर्षांची अनुवादाची बिले जोडली, आणि मिक्सरच्या पुस्तिकेचे बिल पाहून साहेबांची खात्री पटली, की ही बाई खरोखर अनुवादच करते. व्यावसायिक सेवेचा कोड लागला. कागद परत देताना ते म्हणाले, “पण मॅडम, असली ॲपं वापरतं कोण?” त्यांच्या टेबलावर व्हॉट्सॲप उघडे होते. मी त्यांना सांगितले, की व्हॉट्सॲपचे संदेश एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे मधल्या कोणाला ते वाचता येऊ नयेत अशी, जी पद्धत २०१६ मध्ये सगळ्यांसाठी लागू झाली ती सिग्नल हे संदेशांचे दुसरे ॲप बनवणाऱ्यांकडून आलेली आहे, आणि त्यांना २०१३ ते २०१६ या काळात मी मघाशी उल्लेखलेल्या त्याच फंडाकडून सुमारे ३० लाख डॉलर मिळाले होते. साहेबांनी फोन उलटा करून ठेवला.

मुख्य काम सुरू झाल्यावर मात्र कायदे आणि कोड मागे पडले आणि मराठीच आडवी आली. वापरणाऱ्याची ओळख उघड होऊ न देणे हे या ॲपचे सारसर्वस्व. माणूस टोपणनावाने येतो, बोलतो, जातो. इंग्रजीत ‘अमुक सामील’ असे सांगताना काहीच फुटत नाही. मराठीत ‘आला’ म्हणावे की ‘आली’? क्रियापद लावताक्षणी टोपणनावामागचा पुरुष किंवा स्त्री उघडी पडते. आदरार्थी ‘आले’ केले तरी तो पुरुषच वाटतो, कारण बाईला आपण ‘आल्या’ म्हणतो. ॲपला तर लिंग माहीतच नसते. ते सगळ्यांनाच ‘आला’ म्हणणार, आणि मग ज्या बायकांसाठी हे चालले आहे त्या आपल्याच फोनमध्ये पुल्लिंगी होणार. अशा स्ट्रिंग मोजल्या तर त्रेसष्ट भरल्या. उपाय व्याकरणातच सापडला: ‘यांनी गटात प्रवेश केला’, ‘यांनी गट सोडला’, ‘यांची ओळख पटली’. क्रियापद प्रवेशाशी, गटाशी किंवा ओळखीशी जुळते आणि कर्ता झाकलेला राहतो. ‘लिहितो आहे’ आणि ‘लिहिते आहे’ यांच्याऐवजी ‘लिहीत आहे’ घेतले, जे कोणालाही चालते. तीस वर्षे मी कर्तरी-कर्मणी प्रयोग तपासत आले आहे. कर्मणी प्रयोग माणसाला लपवायच्या कामी येतो, हे मला त्या आठवड्यात कळले.

दुसरी लढाई एका शब्दावरून झाली. टोरच्या जाळ्यात संदेश तीन संगणकांतून जातो आणि त्यातला प्रत्येक फक्त आपल्या आधीच्याला आणि नंतरच्याला ओळखतो. या संगणकांची यादी मात्र जाहीर असते, त्यामुळे एखादे सरकार ती घेऊन सगळेच पत्ते अडवू शकते. म्हणून काही संगणक जाहीर यादीबाहेर ठेवलेले असतात, आणि त्यांना इंग्रजीत पुलाचा शब्द आहे. मी सरळ ‘पूल’ लिहिले होते.

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका रविवारी दुपारी परळच्या खोलीत बारा बायका जमल्या. प्रत्येकीच्या फोनवर चाचणीची आवृत्ती टाकली होती आणि मी फक्त ऐकायचे, बोलायचे नाही, असा नियम होता. ‘पूल वापरा’ हे बटण आल्यावर लोअर परळच्या टॉवरमध्ये काम करणाऱ्या एका मावशींनी फोन खाली ठेवला. “पूल नको गं बाई,” त्या म्हणाल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली, त्या दिवशी मावशी त्याच पुलाखाली पाऊस थांबण्याची वाट पाहत उभ्या होत्या. “पुलावर सगळे एकदम जातात. अडकायचं तिथेच.” तांत्रिक दृष्ट्याही त्यांचे म्हणणे अचूक होते. जिथून सगळे जातात ती जागा हे नव्हे. फार थोड्यांना ठाऊक असलेली वाट, हा त्या शब्दाचा खरा अर्थ आहे.

मग अर्धा तास खोलीत नुसता गलका झाला. ‘चोरवाट’ कोणीतरी सुचवले आणि लगेच उडाले, कारण आपण चोरी कुठे करतो? ‘मागची गल्ली’ काहींना आवडले. ‘आडवाट’ निघाल्यावर एकीने हरकत घेतली, की आडवाटेला एकटी बाई जात नाही. त्यावर मावशी म्हणाल्या, “कामावरून यायला उशीर झाला की मी रोज जाते. आडवाट माहितीतली असली म्हणजे झालं.” तिथे ठरले. परदेशातल्या समीक्षकांना मात्र हे पटायला पाच आठवडे लागले. मराठीचा परत इंग्रजी अनुवाद करून तपासण्याची त्यांची पद्धत असते आणि त्यांच्या हाती ‘वळसा’ अशा अर्थाचा शब्द आला. शिवाय बटणावर कमानीच्या पुलाचे चित्र होते. मी त्यांना २०१७च्या घटनेसह दीड पानाचे टिपण पाठवले. डिसेंबरच्या अखेरीस ‘आडवाट’ शब्दसूचीत मंजूर झाला. चित्र पुलाचेच राहिले.

याच सुमारास लालबागच्या एका काकांनी, जे गिरणी संपापासूनचे युनियनवाले आहेत, मला गाठून फैलावर घेतले. अमेरिकेच्या पैशाने गोपनीयता शिकवायला निघालात, ज्यांनी साऱ्या जगाचे फोन ऐकले त्यांच्याच पैशाने? जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेली कागदपत्रे काकांना तोंडपाठ होती. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता आणि मी तसे म्हटलेही. माझे उत्तर इतकेच होते, की या साधनाची संहिता उघडी आहे, ती कोणीही वाचून तपासू शकते, आणि देणाऱ्याला त्यातून काही ऐकू येत असते तर ते आजवर कोणी ना कोणी शोधून काढले असते. २०१९ मध्ये आपल्याच काही वकिलांच्या आणि कार्यकर्त्यांच्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचे व्हॉट्सॲपने त्यांना कळवले होते. ते पेगॅसस कोणाला उघडून पाहता आले का, असे मी विचारले. काका म्हणाले, “उघडी आहे ते ठीक. पण उद्या पैसा बंद केला तर?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो महिन्याभरात प्रत्यक्ष विचारला जाईल याची त्यांनाही कल्पना नव्हती.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी विकास साहाय्य नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. क्लिंटनबाईंच्या त्या भाषणाला पंधरा वर्षे व्हायला एक दिवस उरला होता. २४ तारखेला परराष्ट्र खात्याने चालू असलेली कामेही थांबवायला सांगितली. शनिवारी, २५ जानेवारीच्या सकाळी मी चहा ठेवून मेल उघडली, तर त्यात चार ओळी होत्या: या क्षणापासून काम करू नये, झालेल्या कामाचे बिल पाठवू नये, चाचणी वाचनाच्या बैठका घेऊ नयेत, पुढील सूचना मिळेपर्यंत उत्तर अपेक्षित नाही. खाली सही करणाऱ्या बाईंनी वेगळ्या, खाजगी पत्त्यावरून दोन तासांनी लिहिले, की तिची स्वतःची नोकरीही बहुधा जाईल. त्यानंतर तिच्याकडून काही आले नाही.

माझा तिसरा हप्ता राहिला होता. सगळे मिळून फार मोठी रक्कम नव्हती, पण माझ्या धंद्यात ती चार महिन्यांची कमाई होती. पुढचे तीन महिने मी वॉशिंग्टनच्या न्यायालयातल्या बातम्या अशा वाचल्या, जशा आमच्या सोसायटीतले लोक पुनर्विकासाच्या वाचतात. मार्चच्या मध्यावर ओपन टेक्नॉलॉजी फंडाचे अनुदानही रद्द झाले; फंड न्यायालयात गेल्यावर ते रद्द करणे मागे घेतले गेले. आधी पूर्ण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागण्याचा आदेश रोखावा, ही सरकारची मागणी ५ मार्च रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. पाच आणि चार या आकड्यांवर मुलुंडमधले कोणाचे तरी बिल अवलंबून होते, हे त्या नऊ जणांच्या गावीही नसणार. एप्रिलच्या शेवटी २४ जानेवारीपर्यंतच्या कामाचे पैसे आले. बँकेत आता नवे साहेब होते. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, आणि मी पिशवीतून मिक्सरच्या पुस्तिकेचे बिल काढले.

पुस्तिका पूर्ण झालेली आहे आणि परळच्या संस्थेने तिच्या शंभर प्रती लोकवर्गणीतून काढल्या. ॲपमधल्या अकराशेपैकी एक्केचाळीस स्ट्रिंग इंग्रजीतच राहिल्या. त्यांचा अनुवाद मी नंतर स्वयंसेवक म्हणून करून टाकला आहे, पण अनुवाद प्रत्यक्ष ॲपमध्ये उतरण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी तो तपासून मान्य करावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या माणसाचे पद त्याच अनुदानातून चालत होते. त्यामुळे माझी वाक्ये पिवळ्या खुणेखाली थांबून आहेत.

नेमके आडवाटेची माहिती देणारे पान त्या एक्केचाळिसांत आहे. बटणावर ‘आडवाट’ लिहिलेले दिसते. ते दाबले, की समोर इंग्रजी पान उघडते. मागच्या महिन्यात मावशींनी मला तेच दाखवले आणि हे काय लिहिलंय ते वाचून सांग म्हणाल्या. प्रभादेवी स्थानकाबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी उभे राहून मी त्यांना ते पान तोंडी मराठीत सांगितले. त्या मध्येच दोनदा थांबवून शंका विचारत होत्या, म्हणून वीस मिनिटे लागली.